आयशाबीचा डोंगा

आयशाबीचं माहेर दिग्रसचं आणि सासरही दिग्रसचंच. पाणी म्हणजे नळाला येतं ते, नाहीतर विहिरीत दिसतं ते, एवढीच तिची ओळख. पुरात नाल्याला गुडघाभर पाणी असलं तरी ती काठावर बसून राहायची. अशा बाईचा संसार चाळिशी उलटल्यावर पाण्यावर तरंगायला लागला.

तिचा नवरा युनूस जिनिंगमध्ये फिटर होता. त्या वर्षांत कापसाला भाव राहिला नव्हता. जिनिंगच्या फाटकापुढची गाड्यांची रांग आटत गेली, आणि एका दसऱ्याला मालकानं यंत्राला हार घातला, पण त्याचा पट्टा पुन्हा चढवलाच नाही. युनूस घरी बसला. मग एक दिवस भंगारातून लोखंडी पत्रे आणि शेतात पाणी ओढायचं जुनं डिझेल इंजिन घेऊन आला, आणि गल्लीत ठोकाठोक सुरू झाली.

"काय करून राह्यला, युनूसभाई?" लोक विचारायचे.

"डोंगा."

जिथं नाव चालेल एवढी नदी नाही तिथं डोंगा बनवणारा माणूस बघायला दुसऱ्या मोहल्ल्यातली माणसंही येऊन गेली. मुलगा शादाब लोहारा गावच्या कारखान्यात लागला होता. तो म्हणाला, "अब्बा, माझ्या खोलीवर चला. बसून खा."

"बसून खायाले मी काय म्हातारा झालो?" युनूस म्हणाला, आणि पुन्हा हातोडा उचलला.

त्यानं मनाशी हेरलेलं होतं. पैनगंगेवरच्या धरणाचं पाणी मागं फुगत गेलं तेव्हा खालची गावं उठून गेली, पण टेकड्यांवरचे बंजाऱ्यांचे तांडे तिथंच राहिले. पूर्वी एका हाकेवर असलेला पलीकडचा काठ आता गाडीवाटेनं अर्ध्या दिवसाचा फेरा झाला होता. युनूसनं डोंगा ट्रकवर घालून तिथं नेला. त्यावर पत्र्याचं छत ठोकलं, छताखाली एक लाकडी बाज, एक शेगडी, पाण्याचा माठ. दिग्रसची भाड्याची खोली सोडली, तेव्हा आयशाबीला दुसरं घरच उरलं नाही.

पहिले कित्येक दिवस ती छताचा खांब धरून झोपायची. पण युनूस इंजिनापाशी अडकलेला असायचा आणि सुकाणू धरायला कुणीतरी लागायचंच. ते तिच्या हातात आलं आणि हळूहळू हातात बसलं. पाण्याखाली बुडालेल्या बाभळींचे शेंडे कुठं आहेत, कुठल्या खिंडीतून वारा अचानक घुसतो, हे तिला कळायला लागलं. आज या तांड्याच्या उतारावर डोंगा बांधायचा, उद्या त्या. सकाळी ज्यांना बाजाराला जायचं त्यांच्या दारात रात्रीचा मुक्काम. शेळ्या, तेलाचे डबे, शाळेचे मास्तर, एकदा तर आख्खी वरात तिनं पार नेली. आयाबाया डोंग्यात बसल्या की तिच्या शेगडीवर चहा व्हायचा. युनूस म्हणायचा, "इंजिन माझं, पाणी हिचं."

माघातली दुपार होती. फुलसिंगच्या तांड्यावरून बोलावणं आलं. फुलसिंग वयानं साठीच्या घरातला, ताठ माणूस. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरत, हे तो प्रत्येक खेपेला सांगायचा. भाव चढेल म्हणून त्यानं सगळा कापूस घरात भरून ठेवला होता. माणसं ओसरीवर झोपत होती आणि कापूस घरात. आता ढाणकीच्या व्यापाऱ्याचा टेम्पो पलीकडच्या काठावर येऊन थांबला होता, आणि व्यापारी उद्यापासून माल घेणार नव्हता.

आयशाबीनं पाण्याकडे बघितलं. पाणी तेलासारखं निश्चल होतं. बगळे भर दुपारी झाडावर जाऊन बसले होते.

"शादाबचे अब्बा, आज नको," ती म्हणाली. "हवा बरी नाई."

"थंडीत कायची हवा? तासाभराचं पाणी आहे," युनूस म्हणाला.

फुलसिंग तोवर गाठोडी आणायला लागला होता. त्याची बायको हंसाबाई हातात विळा घेऊन दोर तोडून देत होती. पायाशी जागा उरली नाही तेव्हा गाठोडी छतावर चढली. उंच रचून त्यावर एकच जाड दोर आवळला.

"दोन खेपा करू," आयशाबी म्हणाली.

"टेम्पो दोन खेपा थांबन काय, भाबी?" फुलसिंग म्हणाला. युनूसनं हँडल मारलं. आयशाबीनं मग सुकाणू धरलं.

मधल्या पाण्यात पोचले आणि पश्चिमेकडची टेकडी दिसेनाशी झाली. आधी थंड झुळूक आली, मग वारा, मग गारा. छतावरच्या कापसाच्या ढिगानं वारा धरला आणि डोंगा एका कुशीवर कलला. डोंग्याच्या काठावरून पाणी आत आलं. खालची गाठोडी ते पाणी पीत गेली आणि जड होत गेली. तेवढ्यात इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं.

युनूस धावला. त्यानं हँडल घातलं, फिरवलं, आणि इंजिनानं उलटा झटका दिला. हाड मोडल्याचा आवाज आयशाबीला वाऱ्यातही ऐकू आला. युनूस मनगट पोटाशी धरून खाली बसला, त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"वरचा कापूस सोडा," आयशाबी ओरडली. "फुलसिंगभाऊ, दोर सोडा. डोंगा उलटून राह्यला."

"हात लावू नका कोणी," फुलसिंग म्हणाला. तो छताच्या खांबाला मिठी मारून, गाठोड्यांकडे तोंड करून उभा होता. गारांमुळे त्याचे डोळे मिटलेले होते. "सालाची कमाई आहे. मी मरन, पण सोडनार नाई."

सुकाणू सोडलं तर डोंगा वाऱ्याला आडवा झाला असता. आयशाबीला जागचं हलता येत नव्हतं. तिनं हंसाबाईकडे बघितलं. हंसाबाई तिच्याकडेच बघत होती. हंसाबाई भिजलेल्या गाठोड्यांवरून रांगत पुढं गेली, नवऱ्याच्या पाठीमागून हात घातला आणि खांबाशी बांधलेला दोर विळ्यानं कापला.

छतावरचा ढीग एका बाजूनं सरकला आणि पाण्यात गेला. डोंगा हिसका देऊन सरळ झाला. फुलसिंगनं डोळे उघडले तेव्हा त्याची गाठोडी लाटांवर फुटत होती. विळा हंसाबाईच्या लुगड्याखाली गेला होता.

वाऱ्यानं त्यांना एका उघड्या टेकाडाला नेऊन लावलं. चौघंही जिवंत उतरले. फुलसिंग गुडघ्यात डोकं घालून बसला, आणि पहिला शब्द बोलला तो आयशाबीला. "तुनं माझं घर पाण्यात टाकलं."

आयशाबीनं हंसाबाईकडे पाहिलं. या माणसाला खरं कळलं तर तांड्यावर हिचं काय होईल, हे आयशाबीला कुणी सांगायला नको होतं.

"जीव वाचले ना, भाऊ," ती एवढंच म्हणाली.

गोष्ट तांड्यातांड्यांवर पसरली. डोंगेवालीनं फुलसिंगचा कापूस फेकून दिला. पलीकडे जायला लोक पुन्हा गाडीवाटेनं फेरा घ्यायला लागले. आयशाबी सकाळी डोंगा उताराला लावून बसायची आणि कुणी येत नसे. युनूसचा हात गळ्यात बांधलेला होता. हँडल मारायला आता तीच शिकली होती, अंगठा बाहेर ठेवून, झटका येताच हात काढून घेत.

"दोर तू कापला काय?" एका संध्याकाळी युनूसनं विचारलं.

"कापला कोणं, यानं काय होते?" ती म्हणाली. युनूसनं पुन्हा विचारलं नाही. शादाब न्यायला आला. सामान बांधा म्हणाला. आयशाबीनं त्याला दोन दिवस थांब म्हटलं, आणि दोन दिवसांचे पंधरा झाले.

शेवटी फुलसिंगच्या तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, भावसिंग यानं आयशाबी-युनूसला बोलावलं. कडुलिंबाखाली माणसं बसली होती, बायका मागं उभ्या होत्या. फुलसिंगनं आपलं गाऱ्हाणं मांडलं. भावसिंगनं आयशाबीला विचारलं, "तुमाले काय सांगायचं हाय?"

"कापूस गेला हे खरं," आयशाबी म्हणाली. "गेला नसता तं आमी चौघं गेलो असतो. मले दुसरं काई सांगायचं नाई."

"पन त्याले इचारलं काहून नाई? दुसऱ्याच्या मालाले हात कसा लावला?"

आयशाबी खाली बघत राहिली. युनूस काही बोलायला उठला, तिनं त्याच्या चांगल्या हाताला धरून खाली बसवलं.

तेव्हा मागच्या बायकांतून हंसाबाई पुढं आली. ती कधी माणसांच्या बैठकीत बोललेली नव्हती. नवऱ्याकडे न बघता ती भावसिंगला म्हणाली, "दोर मीनं कापला. हिच्या हातात सुकाणू होतं. कापूस मीनं वेचला, मीनंच सोडला."

फुलसिंग उठला. आयशाबीला वाटलं, आता हात उचलतो. ती नकळत हंसाबाईच्या पुढं जाऊन उभी राहिली. फुलसिंग दोघींकडे बघत राहिला, मग खांद्यावरचा टॉवेल झटकून घराकडे निघून गेला.

"बैठक उठली," भावसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर डोंग्यासाठी माणसं थांबली होती. शादाब एकटाच लोहाऱ्याला परत गेला. युनूसचं मनगट वाकडंच जुळलं, पण पाना धरता यायला लागला. फुलसिंग मात्र त्या दिवसापासून बायकोशी बोलत नव्हता. हंसाबाई डोंग्यात येऊन चहा प्यायची आणि सांगायची, "भाकर खाते, बोलत नाई. बोलन कधीतरी."

पुढच्या मोसमात कापसाचा भाव काही सुधारला नव्हता. फुलसिंग उतारावर आला, मागं हंसाबाई, आणि बैलगाडीत गाठोडी. त्यानं ती डोंग्यात भरली. छतावर चढवायला दोन उरली.

"वर नाई, भाऊ," आयशाबी म्हणाली. "ते दोन दुसऱ्या खेपेत."

फुलसिंगनं आभाळाकडे बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. मग बायकोकडे वळून, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच, म्हणाला, "गाडीपाशी थांब. ह्या दोन गाठोड्यांवर नजर ठेव." हंसाबाई हो म्हणाली आणि गाडीपाशी जाऊन बसली. आयशाबीनं हँडल उचललं.