कपाटामागचं बटण

माझी धाकटी बहीण वायरमन आहे. वायरमनबाई म्हणा, काय हवं ते म्हणा, पण "बाईला जमेल का?" असं तिच्यासमोर म्हणू नका. एकाने म्हटलं होतं, त्याचा पंखा अजून खोक्यातच आहे. गल्लीत तिला सगळे पक्कड म्हणतात. नवऱ्याने पट्टा उगारला तेव्हा तिने त्याच्याच पेटीतली पक्कड उचलून त्याच्या डोक्यात घातली. सहा टाके पडले. पक्कड घेऊन ती तशीच चालत माझ्या घरी आली. नवरा वायरमनच होता. त्याच्याकडून तिला काम मिळालं आणि मारही मिळाला. मार तिने परत केला, काम ठेवून घेतलं.

मी तिची शिडी धरते. वायरीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण शिडी धरायला आणि गिऱ्हाइकाशी भांडायला माणूस लागतंच. तिचा एक नियम आहे. काम सुरू करण्याआधी मेन बोर्डावरचा फ्यूज काढायचा आणि आपल्याच खिशात ठेवायचा. "नाहीतर कुणी शहाणा येऊन परत बसवेल, ताई, आणि मी वर वायर धरून असेन."

ऐन उन्हाळ्यात एका दुकानदाराने बोलावलं. अगदी वरचा मजला, छत तव्यासारखं तापलेलं. आतल्या खोलीतल्या पंख्याचं बटण बाहेरच्या खोलीत घ्यायचं, त्यावर झाकण, झाकणाला कुलूप.

"आणि तो रेग्युलेटर काढून टाका," तो म्हणाला. "चालू नाहीतर बंद. मधलं काही नको."

आतल्या दारात त्याची बायको उभी होती. ओठ फुटलेला. दाराला बाहेरून कडी होती आणि कडीचे स्क्रू नवे कोरे होते.

"बटण बाहेर कशाला?" मी विचारलंच.

"तोंड फार चालवते. दुकानात जाताना कडी लावतो, पंखा बंद करतो. संध्याकाळपर्यंत सरळ होते." नळ गळतोय हे सांगावं, इतक्या सहज सांगितलं मेल्याने!

मी बहिणीला चिमटा काढला, चल म्हणून. ती कुजबुजली, "आपण गेलो तर तासाभरात दुसरा येईल, ताई. तो नुसतं बटण बाहेर काढून पैसे घेऊन जाईल."

आणि ती कामाला लागली. जिन्यातल्या दिव्याला खाली एक बटण असतं, वर एक. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. तिने पंख्याचं तसंच केलं. एक बटण बाहेर, कुलपात. दुसरं आत, कपाटामागे, हात जेमतेम जाईल इतक्या फटीत. दुकानदार बाहेर फोनवर कुणाला तरी शिव्या घालत होता.

"वहिनी," बहीण हळूच म्हणाली, "तो गेला की लावा. जिन्यात पाऊल वाजलं की बंद."

वहिनींनी नुसती मान हलवली. घरी येईपर्यंत आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. काय जिरवली म्हणून!

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. "तुमचं काम चुकलंय. मी किल्ली विसरलो म्हणून परत आलो, तर बटण बंद, कुलूप जागेवर, आणि आत पंखा गरगर फिरतोय! आत्ताच्या आत्ता या."

गेलो. वहिनी आत फरशीवर बसल्या होत्या. एक डोळा पार मिटलेला. उजवं मनगट फडक्यात बांधलेलं, टम्म सुजलेलं. शेजारी उपटलेल्या केसांचा पुंजका पडला होता.

"पंखा कसा लावलास विचारतोय, तर गप्प," तो म्हणाला. "हात पिरगाळला, मोडला, तरी गप्प."

बाईने सांगितलं नव्हतं. हात मोडेपर्यंत मार खाल्ला आणि आमचं नाव घेतलं नाही. आत्ताही बहिणीकडे बघून ती बारीकशी मान हलवत होती, सांगू नका. हसलो होतो ना आम्ही!

बहिणीने सवयीने आधी फ्यूज काढला, खिशात टाकला. मग त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हिने काही केलं नाही. कपाटामागे दुसरं बटण आहे. मी बसवलं. मुद्दाम."

त्याने अशी मुस्काटात मारली की तिचं डोकं कपाटावर आपटलं. ती पडली. तिचे केस धरून त्याने आमच्याच पिशवीतली हातोडी उचलली. मी विचारबिचार काही केला नाही. शिडी उचलली आणि त्याच्या पोटात घातली. तो वाकला, तशी पाठीत घातली. तरी हातोडी सुटेना. तेवढ्यात खालून, ओठ फुटून तोंडात रक्त आलेल्या माझ्या बहिणीने पक्कड त्याच्या अंगठ्यावर आवळली.

"टाक!" ती ओरडली.

हातोडी पडली, पण हिने सोडलं नाही. कट् असा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

वहिनी उठल्या, चपला घातल्या आणि त्याला ओलांडून बाहेर पडल्या. आम्ही मागोमाग. शिडीसुद्धा घेतली, पोटापाण्याची आहे ती.

दवाखान्यात प्लास्टर घातलं, चौकीत जबाब दिला, आणि तिघी माझ्या खोलीवर आलो. बहिणीने खिशात हात घातला तर फ्यूज हातात आला.

"मेल्याला आता एकसुद्धा पंखा नाही!" ती हसली आणि तिचा ओठ पुन्हा फुटला.

खोली नुसती भट्टी झाली होती. वहिनी दाराजवळ बोर्डापाशी उभ्या होत्या. डावा हात बटणाजवळ नेलेला, पण लावलेला नाही.

"पंखा... लावू का?"

बहिणीचं डोकं अजून तापलेलंच होतं. ती किंचाळली, "विचारायचं नाही! या घरात असलं काही विचारायचं नाही!"

वहिनी जागच्या जागी खाली बसल्या. प्लास्टरचा हात डोक्यावर घेतला, डोळे घट्ट मिटले, आणि मार पडायची वाट बघू लागल्या.

बहीण पांढरीफटक पडली. तसं बसणं तिला चांगलं माहीत होतं, सहा वर्षं तीही तशीच बसायची. ती लांब भिंतीशी जाऊन जमिनीवर बसली. मग जो आवाज मी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता, त्या आवाजात म्हणाली, "चुकलं माझं, वहिनी. बटण तिथेच आहे. शेजारी रेग्युलेटर आहे, एक ते पाच. तुम्हाला वाटेल तेव्हा."

आम्ही बसून राहिलो. घाम पाठीवरून ओघळत होता, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बटण वाजलं.

त्यांनी एकवर लावला. एकवर आमचा पंखा जेमतेम फिरतो, वारा काही लागत नाही. आम्ही तो तसाच राहू दिला.