नाकारलेला मंत्री

सांगलीच्या नाट्यगृहात तालमीला आमच्या हौशी नाट्यसंस्थेतले दादा कुपवाडच्या कारखान्यातून थेट येतात. आधी हात धुतात, मग रंगमंचाच्या पाया पडतात.

परवा आमच्या नव्या राजकीय नाटकातल्या भूमिका जाहीर झाल्या. भ्रष्ट मंत्र्याची मुख्य भूमिका त्यांना मिळाली. आमच्या संस्थेत आजवर ते फक्त हवालदार आणि गडीच होत आले होते, म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या. ते रंगमंचावर गेले, त्याच्या पाया पडले आणि दिग्दर्शकांना म्हणाले, "मंत्री दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी मोर्चातल्या गर्दीत उभा ऱ्हातो."

घरी जाताना त्यांच्या गाडीवर मागं बसून मी विचारलं, "दादा, असं का केलंत?"

"आरं, तुझी वैनी गावात सरपंचपदाला उभी हाय. मागं एकदा गावच्या जत्रंतल्या नाटकात सावकार झालो, तर गल्लीतल्या म्हातारीनं वर्षभर चा पाजला न्हाई. आता तर मतंच जातील की!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

रस्ता मोकळा लागला, तसं हेल्मेटच्या आतून मंत्र्याचं भाषण सुरू झालं. अख्खं. कधी पाठ केलं होतं, कोण जाणे. शेवटी आवाज चढला आणि थांबला.

मागं बसून टाळ्या वाजवाव्यात की गप्प राहावं, मला कळेना.