जगमोहन सराफाच्या फरशीखालची माती

३ मार्च २०२४, रविवार. राजाभाऊ हसब्यांनी एक लाख बेचाळीस हजार सहाशे रुपये मोजून दिले आणि सतरा पोती माती घेतली. माती सुलतानगढीच्या सराफ बाजारातली होती, लाला जगमोहनच्या दुकानाच्या फरशीखालची. मेरठहून आलेल्या व्यापाऱ्याने बोलीच्या बंद चिठ्ठीत नव्वद हजारच लिहिले होते. जाताना त्याने राजाभाऊंकडे असं पाहिलं, जसं लग्नात दारू पिऊन नाचणाऱ्या काकाकडे पाहतात.

सोनाराच्या दुकानातली माती विकली जाते, यात नवल काही नाही. कानस चालते, कण उडतात, फटीत जाऊन बसतात. दुकान बंद झालं की फरशी उखडायची, खालच्या मातीची बोली लावायची आणि गलाईवाल्याने तिच्यातून सोनं काढायचं, ही रीत जुनी. राजाभाऊ गलाईवाले. सोनं वितळवून शुद्ध करून देणं हा त्यांचा धंदा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून ते चौदाव्या वर्षी मामाबरोबर दिल्लीच्या करोल बागेत आले, मामाच्या भट्टीवर बोटं भाजून घेत शिकले आणि लग्नानंतर दिल्लीपासून सत्तर किलोमीटरवरच्या सुलतानगढीत स्वतःची भट्टी टाकली. अख्खा बाजार त्यांना ‘मराठा’ म्हणायचा. त्यांनाही ते आवडायचं.

तेव्हा त्या तहसिलीत पोट भरायच्या तीनच जागा होत्या: शेत, वीटभट्टी आणि सराफ बाजार. मग एक्स्प्रेसवे आला. जमिनींचे पैसे आले आणि ज्यांच्या घरात कधी चांदीचा छल्ला नव्हता, तेही तोळ्यांत बोलू लागले. बाजारातल्या सगळ्यांचीच चांदी झाली. लालाच्या दुकानावरच्या माडीत कारागिरांच्या बारा गाद्या पडल्या. सकाळी प्रत्येकाला सोनं तोलून मिळायचं, संध्याकाळी दागिना तोलून परत घेतला जायचा. जेवढं कमी भरेल ती ‘छीज’, आणि छीज कारागिराच्या मजुरीतून कापली जायची. माडीच्या फळ्यांतून खाली दुकानात झडणारा केर मात्र लालाचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं, कारण गादी लालाची होती.

२०११च्या धनत्रयोदशीला एका शेतकऱ्याच्या बांगड्या दोन तोळे कमी भरल्या. शेतकरी भाऊबंद घेऊन दुकानात आला. लालाने एकदाही पापणी न लववता समोरच्या भट्टीकडे बोट केलं.

“मराठ्याला विचारा. माझ्याकडून पूर्ण गेलं होतं. ह्याची मूस सोनं खाते.”

मूस म्हणजे सोनं वितळवायची चहाच्या कुल्हडाएवढी वाटी. ती काही खात नाही, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सराफ संघाने फतवा काढला, मराठ्याला कोणी काम द्यायचं नाही. राजाभाऊंची बायको चंद्रप्रभा भाजी आणायला गेली, तर भाजीवालीने आधी पैसे मागितले. महिन्याभरात भट्टी विकून ती दोघं आणि शाळकरी मुलगी अवनी करोल बागेतल्या एका खोलीत परत आली. ज्या मामाच्या भट्टीवरून राजाभाऊ मालक होऊन बाहेर पडले होते, तिच्यावर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पगारी माणूस म्हणून बसले.

ते रागावून बोलत नसत. पण सुलतानगढीची कोणतीही बातमी आली की हातातलं काम ठेवून ऐकत. तिथे लोक ब्रँडच्या शोरूममधून यंत्राचे दागिने घेऊ लागले. गाद्या एकेक करून उठल्या. वीटभट्ट्यांच्या जागी पार्सल कंपन्यांची गोदामं आली. तारेची फुलं वळणारे कारागीर गोदामात खोक्यांवर स्टिकर लावू लागले, आणि त्यांना तिथे पाठवण्याचा ठेका कोणी घेतला, तर लालाच्या मुलाने, अंकुरने. कारागीर तेच, कापणारा बापाऐवजी मुलगा. आता छीज नव्हती, डोक्यामागे रोजचं कमिशन होतं. शेवटी अंकुरने दुकानही पार्सल कंपनीला भाड्याने दिलं आणि फरशी उखडायला घेतली. तो दिवस राजाभाऊंना फोनवर कळला. त्यांनी बँकेतली मुदत ठेव मोडली.

“अवनीच्या लग्नाचे पैसे होते ते,” चंद्रप्रभा म्हणाली.

“अवनीला सरकारी नोकरी आहे, आर. के. पुरमला क्वार्टर आहे. तिचं काही अडत नाही.”

“आणि तुमचं मातीवाचून अडलंय?”

“हो,” राजाभाऊ म्हणाले.

माती त्यांनी सुलतानगढीबाहेरच्या भाड्याच्या आवारात जाळली, कुटली, धुतली, तेजाबात घातली. चार आठवड्यांनी हाती एक काळपट भुकटी आली. ती वितळवायला मात्र त्यांनी सराफ बाजारातल्या धर्मशाळेचं अंगण घेतलं आणि बाराही कारागिरांना निरोप धाडला: रविवारी या, तुमची छीज बघायला या. लालाला निरोप वेगळा होता. माल ज्याच्या घरचा, तो गलाईच्या वेळी भट्टीसमोर बसतो, ही धंद्याची चाल आहे, तर लालाजींनी येऊन बसावं.

लाला आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पांढरा कुर्ता, हातात काठी, बरोबर अंकुर. न येणं म्हणजे कबुली देणं, एवढं तो जाणून होता. राजाभाऊंनी खुर्ची स्वतः पुसून दिली.

“बैठिये लालाजी. माझी मूस काय काय खाते, ते जवळून बघा.”

कारागीर हसले. अंकुरने फोन बाहेर काढला आणि परत ठेवला.

भट्टी पेटली. मळ काढणारा टाकणखार पडला, हिरवट ज्योत उठली, आणि थोड्या वेळाने राजाभाऊंनी मूस सांडशीने उचलून साच्यात ओतली. पाण्यात बुडवल्यावर करंगळीच्या पेराएवढी पिवळी कांडी निघाली. तराजू चौतीस ग्रॅमवर थांबला. इस्लामुद्दीन नावाचा सर्वांत जुना कारागीर पुढे झाला. त्याने ती कांडी तळहातावर घेतली आणि लालाच्या नाकासमोर धरली.

“लालाजी, एकदा माझ्या मुलीच्या ईदच्या कपड्यांएवढं तुम्ही कापलं होतं. म्हणालात, इस्लाम, तू सोनं चाटून खातोस. हे बघा, इथेच होतं. तुमच्या पायाखाली.”

हे ऐकण्यासाठी राजाभाऊ साडेबारा वर्षं थांबले होते. लालाचा चेहरा पांढरा पडेल, काठी हातातून सुटेल, असलं काहीतरी त्यांनी मनात पुष्कळदा पाहून ठेवलं होतं. लालाने घसा खाकरला, एवढंच.

“मिळालं ना? मग छान झालं,” तो शांतपणे म्हणाला. “आता ते कोणाचं, एवढंच विचार. माझं नाही. मी तर माती विकली. तुझंही नाही. मराठ्याने पैसे दिलेत, मराठा घेऊन जाणार. मी तेव्हाच म्हणालो होतो, ह्याच्या मुशीत गेलेलं परत येत नाही. काय रे मराठा, चूक बोललो का?”

अंगणातली बारा तोंडं राजाभाऊंकडे वळली. त्यांच्यात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. ते नुसते वाट पाहत होते. रामौतार नावाचा एक कारागीर हळूच म्हणालाही, “राजाभाऊने दाम दिलाय यार, हक आहे त्याचा.”

हक होता. बाजारभावाने ती कांडी सव्वादोन लाखांच्या वर जात होती. ठेव भरून निघाली असती, वर ऐंशी हजार उरले असते. आणि उद्यापासून सुलतानगढीत लालाचंच वाक्य खरं ठरलं असतं, ह्या वेळी साक्षीदारांसकट. म्हाताऱ्याने खुर्चीत बसल्याबसल्या त्यांना पुन्हा चोर करून दाखवलं होतं.

राजाभाऊंना कारागिरांची दया आली नव्हती. हेच बारा जण २०११ साली माडीच्या खिडकीतून खाली बघत गप्प बसले होते, हे ते विसरले नव्हते. पण लालाला जिंकू देणं त्याहून कडू होतं. त्यांनी कांडी इस्लामुद्दीनच्या हातून घेतली, ऐरणीवर ठेवली आणि छिन्नी लावली.

“बारा तुकडे करतो,” ते म्हणाले. “ज्याला सोनं नको असेल त्याला बाजारभावाने पैसे देतो. लालाजी, तुम्ही बसा. घाई नाही. प्रत्येकाला घेताना बघून जा.”

लाला उठू लागला. इस्लामुद्दीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अदबीने, पण दाबून. शेवटचा तुकडा जाईपर्यंत म्हातारा बसून राहिला. एकेक जण आपला तुकडा घेई, त्याच्यासमोर येऊन वाकून ‘राम राम लालाजी’ म्हणे आणि पुढे जाई. सातव्या-आठव्या राम रामनंतर त्याने मान वर करणं सोडलं. अंकुर केव्हाच निघून गेला होता.

सोमवारी पहाटे गोदामाची बस चौकात उभी राहिली. बारा जण आलेच नाहीत. ते चौकाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या ठेकेदाराच्या टेम्पोत बसले होते, तेही उगाच अंकुरच्या खिडकीसमोरून जाऊन. आठवडाभरात आणखी तीसेक माणसं फुटली आणि कंपनीने अंकुरचा ठेका निम्म्यावर आणला. लालाने संध्याकाळी मंदिराच्या पायरीवर बसणं बंद केलं. इस्लामुद्दीनने हे सगळं फोनवर सांगितलं. राजाभाऊंनी पायरीची गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

चंद्रप्रभा पोळ्या लाटत ऐकत होती.

“एवढं घर रिकामं करून भरलं का पोट?” तिने विचारलं.

राजाभाऊंनी फोन खाली ठेवला. “अंकुरचा निम्मा ठेका अजून आहे,” ते म्हणाले.

बारांपैकी नऊ जणांनी सोनंच नेलं. तिघांनी पैसे मागितले, ते राजाभाऊंनी मामेभावाकडून उसने आणून दिले. रामौतारच्या हिशेबात सुटे कमी पडले. त्याचे तीनशे ऐंशी रुपये राजाभाऊंकडून अजून यायचे आहेत.