ताईच्या ओळखीचे कावळे

करी रोडपासून वरळीच्या समुद्रापर्यंत असा एकही कावळा नसेल, जो आमच्या समोरच्या खोलीतल्या ताईला ओळखत नाही, आणि ओळखून तिच्यावर डूख धरून नाही. माणसांच्या ओळखीत ताई तशी कच्चीच. तळमजल्यावरच्या काकांना ती वर्षानुवर्षं भलत्याच आडनावाने हाक मारते आणि काकांनीही आता ते आडनाव निमूटपणे स्वीकारलं आहे. पण कावळ्यांच्या जगात तिच्याइतकी प्रसिद्ध बाई दुसरी नाही. ती चाळीच्या दारातून बाहेर पडली की समोरच्या वायरीवरचा कावळा ओरडतो, मग नाक्यावरचा, मग पुलावरचा, आणि ताई स्टेशनवर पोचायच्या आत तिची वर्दी परळला पोचलेली असते. म्हणून ती बाराही महिने छत्री उघडून चालते. जानेवारीतल्या संध्याकाळी, ना ऊन ना पाऊस, काळी छत्री उघडून पुलावरून कोणी येताना दिसलं तर ती आमची ताई. नवखी माणसं आभाळाकडे बघतात. आमच्या चाळीतली बघत नाहीत, फक्त छत्रीपासून चार हात लांबून चालतात, कारण कावळ्यांचा नेम चुकू शकतो.

ताई इकॉलॉजिस्ट आहे. दारावरच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं असल्यामुळे पहिली काही वर्षं लोक तिच्याकडे गॅसेसचं औषध मागायला यायचे. ती त्यांना परत पाठवत नसे. खुर्चीत बसवून काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, दही घरचं की विकतचं, असं खोदून खोदून विचारायची, सगळं कौतुकाने ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "छान. पण मी कावळ्यांची आहे." तिचा विषय म्हणजे प्राण्यांच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव. एकाच शहरातले कावळे, पण कोळीवाड्यातला सुकी मासळी खातो, दादरच्या मंडईतला सडकी फळं, आणि टॉवरखालचा उरलेला पिझ्झा. मग त्यांच्या पोटातली वस्तीही वेगवेगळी असते का, कुठे दाट, कुठे विरळ, हे ती शोधते. "मुंबईत जंगल उरलं नाही म्हणतात लोक," ती एकदा मला म्हणाली, "अगं, त्या वायरीवरच्या कावळ्याच्या पोटात केवढं जंगल आहे! फक्त आपल्याला आत जाता येत नाही, बाहेर येईल त्यावर भागवावं लागतं." बाहेर येईल ते म्हणजे काय, हे सांगायला नकोच. मी हे सगळं शाळेत इंग्रजीतून पाठ केलं होतं आणि पेपरात लिहून विसरले होते. ताईने ते सांगितल्यापासून मला इडलीचं पीठ ढवळतानासुद्धा कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं.

इतकी वर्षं संशोधन करून तिला नक्की काय सापडलं, असं विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असतं: "अजून म्हणता येत नाही." हे उत्तर ती कशालाही देते. भाजीत मीठ बरोबर आहे का? अजून म्हणता येत नाही. चाळीच्या जागी टॉवर होणार का? अजून म्हणता येत नाही. एकदा तिला बघायला डोंबिवलीहून एक मुलगा आला होता. चांगला होता, पोहेही आवडीने खात होता. ताईने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "लहानपणी अँटिबायोटिक्स खूप झाली का हो?" मुलाच्या आईने चमचा खाली ठेवला. ती मंडळी गेल्यावर माझ्या आईने विचारलं, "कसा वाटला गं मुलगा?" ताई विचारात पडली आणि म्हणाली, "नमुना मिळाल्याशिवाय..." आईने पुढचं ऐकलं नाही.

या सगळ्याचा ताप होता तो अण्णांना, म्हणजे ताईच्या वडिलांना. अण्णा मूळचे मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, आणि बायको गेल्यापासून ही एकच मुलगी आणि एकच हौस, बांगडा. पण त्यांच्या फ्रीजरमध्ये बांगड्याला जागाच नव्हती. तिथे ताईच्या नळ्या, चिठ्ठ्या लावलेल्या, रांगेत उभ्या. त्यामुळे अण्णांचे बांगडे आमच्या फ्रीजरमध्ये असत. सकाळी ते आमच्या दारात येऊन, तुरुंगातल्या नातेवाइकाला भेटायला आल्यासारखे, आईला विचारत, "वहिनी, माझो माणूस भेटात काय?" आणि पिशवी घेऊन जाताना आपल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणत, "ह्येच्यासाठी शिकवलंय तुका? बापाचो बांगडो परक्या घरात आणि कावळ्याची शीट बापाच्या फ्रीजात!" आतून ताईचा आवाज येई, "अण्णा, कागद पसरला का?" आणि अण्णा मुकाट्याने गॅलरीच्या कठड्याखाली प्लास्टिकचा कागद पसरायला जात. कारण खरी गोष्ट अशी होती की कावळ्यांना रोज सकाळी खायला घालायचे ते अण्णाच. कठड्यावर बांगड्याची डोकी मांडायची, कावळे येऊन खायचे, खाता खाता खाली कागदावर ताईचं संशोधन टाकायचे. ते उडून गेले की अण्णा हाक मारत, "इला गो तुझा पार्सल!"

ताईने स्वतः का नाही घालायचं? तर तिथेच ते डूख धरण्याचं प्रकरण येतं. कुठला नमुना कोणाचा हे कळावं म्हणून तिने एकदा वनखात्याची रीतसर परवानगी काढून, आमच्या गच्चीवर आणि वरळी कोळीवाड्याजवळ, जाळं लावून काही कावळे धरले, त्यांच्या पायांत रंगीत कड्या घातल्या आणि सोडून दिले. कोणाचा एक पंखही दुखावला नाही. पण कावळा अपमान विसरत नाही, आणि धरणाऱ्याचा चेहरा तर नाहीच नाही. ज्यांना धरलं नव्हतं तेही ओरडायला शिकले. "ते पिल्लांनाही सांगून ठेवतात," ताई छत्रीखालून अभिमानाने सांगे. अण्णांना मात्र काळजी लागली. "सगळ्या जगाशी भांडलंस तरी चलला असता," ते म्हणाले, "पण कावळ्यांशी? उद्या मी मेलंय तर माका शिवतलो कोण गो?"

"अजून म्हणता येत नाही," ताई म्हणाली, आणि दोघं खूप हसली.

मागच्या वर्षी अण्णा गेले. झोपेतच गेले. आपलं सगळं मुलीनेच करायचं, असं त्यांनी आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, आणि ते लालबागच्या आत्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीला, मुळीच पटलं नव्हतं. गावाहून चुलतभाऊ आलेला असताना मुलीने कशाला बसायचं? दहाव्या दिवशी आम्ही सगळे वरळीला समुद्राकाठी गेलो. ताई पांढरी साडी नेसून, उघड्या डोक्याने गुरुजींसमोर बसली. छत्री तिने माझ्याकडे दिली होती. विधी झाले, पिंड मांडला, शेजारी पानावर अण्णांच्या आवडीचं थोडं थोडं ठेवलं, आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले.

कावळे होते, पुष्कळ होते. भिंतीवर ओळीने बसून नुसते ओरडत होते. एकही खाली येईना.

"आत्ताच होड्या आल्यात, पोटं भरलेली असतील," ताई म्हणाली. मग नेहमीसारखं सुरू झालं. जिवंत माणसं मेलेल्या माणसाला एकेक कबुली द्यायला लागली. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, गावच्या घराचं छप्पर या वर्षी नक्की घालतो. कावळे ओरडत राहिले. माझी आई हळूच म्हणाली, अण्णा, हिच्याकडे आम्ही बघू, काळजी करू नका. आत्या म्हणाली, हिचा लगीन मी जमवतंय. त्यावर तर ते आणखीच ओरडले. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. "दर्भाचा कावळा करू या का?" त्यांनी विचारलं, "शास्त्रात चालतं."

"नको गुरुजी," ताई म्हणाली. या सगळ्यावर तिचा विश्वास आहे की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. पण ती म्हणाली, "नमुना खरा हवा."

मग आत्याच्या तोंडून ते निघालंच. "मी सांगी होतंय. चेडवान केला म्हणान शिवना नाय. भावाक बसव गो, उठ."

ताईने वर बघितलं. मी तिच्या मागेच उभी होते, म्हणून मलाही तेच दिसलं. भिंतीवरच्या कावळ्यांपैकी एकाचंही लक्ष पिंडाकडे नव्हतं. ते सगळे ताईकडे बघत होते. पुढच्याच्या पायात पिवळी कडी होती.

"आत्या, मी बसले म्हणून नाही," ती म्हणाली, "मी म्हणून येत नाहीत. मला ओळखतात ते. मी दिसेनाशी झाले की येतील."

"कायतरी सांगतंस!" आत्या म्हणाली. आणि ते कोणालाही तसंच वाटलं असतं. उठून गेली तर आत्याचंच खरं ठरणार होतं, हे ताईला कळत होतं. नाही उठली तर अण्णा तसेच राहणार होते. तिने पानावरचा बांगड्याचा तुकडा पिंडाजवळ सरकवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू नीट बघ हं. आणि शिवला की मोठ्याने सांग. मी त्या भिंतीपलीकडे असेन." आणि तिने अण्णांना नमस्कार केला, ती उठली, मागे न बघता भिंतीआड गेली. छत्री माझ्याच हातात राहिली.

ओरडणं थांबलं. पिवळ्या कडीवाला खाली उतरला, दोन उड्या मारून पानाजवळ आला, मान वाकडी करून त्याने एकदा बघितलं आणि पिंडाला चोच लावली. मी चारचौघांत सहसा बोलत नाही. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात काहीतरी शोधत असते. पण त्या दिवशी मी इतक्या जोरात "शिवला!" म्हणून ओरडले की गुरुजी दचकले.

"बघा," आत्या म्हणाली, "चेडू उठला आणि..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताई भिंतीमागून धावत आली. रडत होती, हसत होती, आणि छत्री वगैरे तिच्या काही लक्षात नव्हतं. ती दिसताच पिवळ्या कडीवाल्याने पिंड सोडला आणि सरळ तिच्या डोक्यावर झेप घेतली, पाठोपाठ भिंतीवरचे सगळे. एवढा काळा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता.  मग आत्याने पुढे होऊन ताईला जवळ ओढलं, आपला पदर तिच्या डोक्यावर घातला आणि वर बघून हात उगारत म्हणाली, "मेल्यांनो, बापूस गेलो हा तिचो! अगो बाय माझ्या, ह्ये खरेच गो तुका वळखतत!"

परत येताना टॅक्सीत ताईने मला सगळं पुन्हा विचारलं. आधी भाताला चोच लावली की बांगड्याला? मान कुठल्या बाजूला होती? घाबरत होता का? मी सांगितलं. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतक्या जवळून मला नाही कधी बघायला मिळायचा."

आता सकाळी कठड्यावर मी खायला ठेवते आणि कागदही मीच पसरते. ताई आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या पडद्यामागे उभी असते, चहाचा कप हातात आणि आवाज न करता. आमचा फ्रीजर आता तसा रिकामाच असतो, पण आई त्यातला अण्णांचा कप्पा कोणाला वापरू देत नाही. परवा कावळे खाऊन उडून गेल्यावर मी पडद्याकडे वळून विचारलं, "ताई, अण्णांना पोचत असेल का गं हे?"

पडद्यामागे चहाचा कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"अजून म्हणता येत नाही," ती म्हणाली. "पण उद्याही ठेव."