या संगणकाला कायम परवानगी

माझ्या आत्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, दोन खुर्च्या, चिप सोडवायचा गरम हवेचा ब्लोअर आणि एक जुना संगणक. काका गेल्यावर तिनं दुरुस्तीचा कोर्स लावला तेव्हा गल्लीतले लोक तोंडावर हसले होते. आता तेच लोक बंद पडलेला फोन घेऊन तिच्यापुढे तोंड पाडून बसतात. म्हातारे-कोतारेसुद्धा तिला आत्याच म्हणतात.

तिच्या संगणकात एक सॉफ्टवेअर आहे. फोन केबलनं जोडला की त्यातून हवं ते ॲप थेट फोनमध्ये जातं. फोन बिचारा पावलोपावली विचारतो. या संगणकावर विश्वास ठेवू का? हे ॲप बाहेरून आलंय, घेऊ का? याला माइक वापरू देऊ का? आत्या माश्या हाकलाव्यात तसे हे प्रश्न हाकलते. हो, हो, कायम हो.

"अगं, ज्याचा फोन त्याला तरी विचारत जा," मी एकदा म्हटलं.

"विचारते की. समोरच उभा असतो."

समोर उभा असतो तो कोण, हे ती विचारत नाही. मुलगा आईचा फोन आणतो, सासरा सुनेचा. घरातला एक माणूस आला म्हणजे अख्खं घर आलं, असं तिचं साधं गणित.

परवा दुपारी नर्सताई आली. समोरच्या दवाखान्यात काम करते ती. जुना फोन तिनं काउंटरवर ठेवला, पिशवीतून नवा काढला.

"आत्या, याची बॅटरी दुपारीच मान टाकते. यातलं सगळं या नव्यात घालून द्या. सोमवारच्या आत."

"सोमवारी काय मुहूर्त आहे?"

"घर सोडतेय. गिरणीमागं खोली मिळालीय, पिवळ्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर." तिनं बाही वर केली. दंडावर चार बोटं काळीनिळी उमटली होती. "माहेरी जाऊ का, एवढंच विचारलं होतं. यांना खोलीचं कळलं तर जिवंत नाही सोडायचे."

आत्यानं जुन्या फोनला केबल लावली आणि तिचा हात तिथंच थांबला. फोननं काही विचारलंच नाही. पहिल्यांदा जोडलेला फोन विचारल्याशिवाय राहत नाही. या फोनला आधीच कोणीतरी 'कायम' सांगून ठेवलं होतं.

"हा फोन माझ्याकडे कधी दिला होतास?"

"छे. पहिल्यांदाच आणतेय."

"काच बदललीस कधी?"

"ती यांनी आणली ना बदलून."

आत्याला नर्सताईचा नवरा आठवला. विमा एजंट, गोड बोलणारा माणूस. काच बसवून झाल्यावर त्यानं पेनड्राइव्ह पुढे केला होता. 'एवढं ॲप टाका, आत्या. घरखर्च मांडायला बायकोला हवंय.' फोननं लाल अक्षरांत इशारा दिला, तेव्हा आत्यानं फोनची सुरक्षा तपासणीच बंद केली होती.

तिनं सेटिंग उघडली. 'बॅटरी सेवा' नावाचं एक ॲप निघालं. स्क्रीनवर त्याचं चिन्ह कुठंच नव्हतं. माइक, ठिकाण, मेसेज, सगळ्याची परवानगी. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक हिरवा ठिपका. माइक चालू.

आत्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि ब्लोअर पूर्ण वेगानं सोडला. त्या घरघराटात ती नर्सताईच्या कानाशी वाकली. "तो ऐकतोय. हे मीच घालून दिलंय, बाई."

नर्सताईचा चेहरा पांढराफटक पडला. "काढा. आत्ता काढा."

"काढलं की त्याला लगेच कळेल."

"मग राहू दे इथंच." ती उठलीच. "सोमवार कशाला? आत्ताच जाते." कोरा नवा फोनही काउंटरवर तसाच राहिला. मागच्या दारानं ती निघून गेली.

आत्यानं ब्लोअर बंद केला आणि रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागली. "बस गं निवांत. कॉपी व्हायला वेळ लागतो. चहा घेशील? बरं, नको तर नको."

दारात मोटरसायकल थांबली. विमा एजंट हसत आत आला.

"कुणाशी गप्पा चालल्यात, आत्या?"

"गिऱ्हाईक आत्ताच गेलं."

त्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग बायकोच्या फोनकडे. "ब्लोअर फार आवाज करतो तुमचा. तेल घाला."

"या फोनमधलं ते ॲप मी काढणार आहे."

"काढा की. घातलं कोणी होतं? पोलिसांनी विचारलं तर सांगा, बोट कुणाचं होतं ते." आवाज तसाच गोड. "फोन राहू दे तुमच्याकडेच. येतो."

मोटरसायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत आत्या जागची हलली नाही. मग तिच्या ध्यानात आलं. बायको कुठं गेली, हे त्यानं विचारलंच नाही.

पिवळी इमारत. वरचा मजला.

तिनं झटकन स्वतःचा मोबाईल उचलून नर्सताईचा नंबर लावला. काउंटरवरचा फोन थरथरायला लागला. 'मोबाईलवाल्या आत्या', स्क्रीनवर नाव आलं.

आत्या गल्लीत धावली. शटर उघडंच राहिलं.