हलक्या धक्क्याचं काडतूस

कुठून सुरुवात करू? आधी चहा घ्या. या किश्श्यातही चहा आहे, आणि त्या चहानंच मला गाफील ठेवलं!

आमच्या हसनाबादला थोरल्या भावाचा हरभरा आहे. घाटे धरले की हरणांचा कळप हजर! त्यांना मारायचं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण पीक राखायला घरात परवान्याची बारा बोरची बंदूक आहे. आभाळाकडे एक बार काढला की कळप पसार.

भावाच्या कमरेनं दगा दिला, तेव्हा परवाना पुतणीच्या नावावर झाला. सुरेखा शेतीची पदवी घेऊन आलेली. म्हणाली, शेत मीच करणार. भाऊ म्हणाले, "हा हरभरा राखून दाखव. न्हाई जमलं, तर शेत दुसऱ्याला बटईनं कसायला देऊन टाकतो."

आणि पहिल्याच बाराला बंदुकीनं असा हिसका दिला, की पोरीचा खांदा जांभळा! त्यानंतर ती बंदुकीकडे बघेना. "काका, माझ्याच्यानं न्हाई होत." तिकडे हरणं निवांत चरून राह्यली होती.

बंदूक धरायला तिला मीच शिकवलं होतं. मग उपाय शोधणं कुणाचं काम? माझंच ना! मला प्रत्येक गोष्ट खोलात जाऊन तपासायची सवय. दोन दिवस विचारपूस केली, मोबाइल धुंडाळला आणि निकाल काढला: काडतूस बदलायचं. कमी बारूद, बारीक छर्रे.

सकाळीच नवीन जालन्यात सलीमभाईंच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. परवाना? तो घरीच! आत पाय ठेवताच म्हणालो, "हरणांसाठी काडतुसं द्या. पण हलकी. पोरीला झेपली पाहिजेत."

सलीमभाईंचा हात गल्ल्यावरच थांबला. "हरणांसाठी?"

"मंग! रोज येऊन राह्यलेत."

"पोरगी किती मोठी?"

"खांदा एवढासा हो तिचा! आत्ताच शिकून राह्यली."

आता मला सांगा, यात खोटं काय होतं?

तेवढ्यात सुरेखाचा फोन. माझा मोबाइल असा, की पलीकडचं बोलणं अख्ख्या दुकानाला ऐकू जातं. "काका, कळप आला! तो मोठ्या शिंगाचा बी हाय म्होरं!"

"येऊ दे! आज खाऊन घे म्हणावं पोटभर," मी जोशात म्हणालो. "उद्या नवं काडतूस आलं की एकही दिसणार न्हाई शेतात!"

सलीमभाई एकदम गोड झाले. "बसा काका, चाय बोलतो." आत गेले, बराच वेळ कुणाशी तरी हळू आवाजात बोलले. चहा आला. तो संपतो न संपतो तोच दुसरा आला. काय माणूस आहे, मला वाटलं! उठायला लागलो तर म्हणाले, "जल्दी काय हाय? बसा ना." आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

ते शटर वर गेलं तेव्हा समोर खाकी कपड्यातला वनरक्षक. "हसनाबादचे तुम्हीच? सोबत कोण कोण हाय?"

"पुतणी."

"आजपर्यंत किती पाडले?"

"मी काय पाडणार? त्यांनीच आमचे घाटे पाडले!"

तो हसला नाही. उलगडून सांगायला गेलो, तर प्रत्येक वाक्यात हरीण, बंदूक आणि पोरगी! जितकं बोलावं तितका गुन्हा मोठा होत गेला. शेवटी त्यानं बजावलं, "अस्सल परवाना घेऊन पोरीला इथं बोलवा. तवर हलायचं न्हाई."

सुरेखा येईपर्यंत मी मनातल्या मनात राजूरच्या गणपतीला तीनदा जाऊन आलो. हातकडी पडली तर भावाला तोंड कसं दाखवू? आणि शेत तर गेलंच!

ती आली. परवाना निघाला; त्यावर 'पीक राखण्यासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं. वनरक्षकानं तो दोनदा वाचला आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसला. "असं हाय होय! आदी सांगायचं ना काका!"

सलीमभाई मात्र विचारात. "बेटी, हलकं काडतूस देतो. पण खांद्याला इतकं लागलं कसं? बंदूक धरून दाखव."

सुरेखानं शटर ओढायची सळई उचलून बंदुकीसारखी धरली, खांद्यापासून चार बोटं लांब.

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! लांब धरली की हाणणारच ना! खांद्याला घट्ट दाबून धर. ये कुणी शिकवलं?"

पोरगी गुणाची. नुसतं माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे कसं," मी पुटपुटलो, "लाथाड म्हशीपासून आपण लांबच उभे राहतो ना..."

"काका," वनरक्षकानं विचारलं, "तुम्ही स्वतः कधी बार काढला होता?"

मी घाईनं सलीमभाईंकडे तिसरा चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुरेखानं बंदूक खांद्याला घट्ट लावली. एक बार, कळप पसार! पोरगी जागची हलली नाही. भावानं बटईचं नाव काढलं नाही.

मला आता बंदुकीला हात लावायची मनाई. बांधावर उभं राहून पत्र्याचा डबा वाजवायचा, एवढंच काम. परवा तेही करताना काठी अंगठ्यावर बसली. अजून निळा आहे, हा बघा!

सुरेखा लांबूनच ओरडली, "काका, हलक्या धक्क्याचा डबा आणू का?"