एडेल्मिराबाईंची बोलणी

चिलीतल्या आचाओ बंदराच्या धक्क्यावरच्या आमच्या बोट सहकारी संस्थेत तिकिटांचा प्रोग्राम एडेल्मिराबाई मान्सिया यांनी लिहिला, तेव्हा मी तिकीट खिडकीवर नवा होतो. पुढे बाई निवृत्त झाल्या, बोटी बदलल्या, पण हिरव्या अक्षरांचा तो प्रोग्राम काही थकला नाही. मग प्रवाशांना वेबवरून घरबसल्या जागा हव्या झाल्या आणि आमचे अध्यक्ष ओसिएल म्हणाले, "जुनं काढून टाका."

पुएर्तो मोन्त शहरातून आलेला इंजिनियर रोदोल्फो म्हणाला, "चालत्या बोटीचा तळ कशाला उकलायचा? मध्ये एक दुभाष्या बसवू. वेबचं म्हणणं तो जुन्या प्रोग्रामला त्याच्या भाषेत सांगेल, आलेलं उत्तर वेबला देईल. त्यासाठी तयार सांगाडा मिळतो, फ्रेमवर्क म्हणतात त्याला."

बाईंना मदतीला बोलावलं. माते नावाचा कडवट चहा पीत, बटाट्याचे मिल्काओ खात दोघं दिवसभर भांडत.

"हा रकाना कशाला, बाई?"

"आहे तसा राहू दे रे, बोट बुडवशील!"

वेब सुरू झालं आणि दुपारीच सान्तियागोहून एका बाईचा फोन आला. तिने चुकून कालची तारीख टाकली होती. पडद्यावर उत्तर आलं: "कालची बोट तुझ्यासाठी माघारी बोलावू का, गाढवा?" दुसऱ्या एकाने घरची, दारची, सगळ्यांची तिकिटं एकदम मागितली. त्याला उत्तर आलं: "ही बोट आहे, बेट नव्हे!"

झालं होतं असं, की खिडकीवर पेंगणाऱ्या आपल्या भावासाठी, एक्तोरसाठी, बाईंनी ही बोलणी प्रोग्राममध्ये घालून ठेवली होती. दुभाष्याने इमानेइतबारे तीही प्रवाशांपर्यंत पोचवली.

ओसिएल लालबुंद झाले. बाई तर शरमेने घरीच बसल्या. रोदोल्फो त्यांच्या दारात गेला.

"ती बोलणी मधल्या मध्ये बदलता येतील, बाई. जुन्याला हातही लावायला नको."

"बदल बाबा, सगळी बदल. लोक काय म्हणत असतील!"

लोक काय म्हणत होते ते दुसऱ्या दिवशी कळलं. सभ्य उत्तरं दिसू लागली तशा तक्रारी सुरू झाल्या. जो तो बोलणी खायला मुद्दाम चुकीच्या तारखा टाकून पाहत होता. सान्तियागोच्या त्याच बाईंचा पुन्हा फोन आला. "इतक्या वर्षांत मला कुणी असं रागावलं नव्हतं हो. मावशी गेली, तेव्हापासून कुणीच नाही. परत आणा ना ते."

मी हा निरोप घेऊन बाईंकडे गेलो. एडेल्मिराबाई एप्रनला हात पुसत म्हणाल्या, "चल. पण गाढव काढायचं. तो शब्द घरच्या माणसापुरता."

आता त्या दर गुरुवारी येतात, रोदोल्फोच्या शेजारी बसतात आणि नवी बोलणी लिहितात. प्रवासी वाढलेत, ओसिएलही खुशीत आहेत. परवा बाईंनी चष्मा कपाळावर सारून मला विचारलं, "का रे, आता जर्मनीहूनही तिकिटं मागतात म्हणे. जर्मन लोकांना कसं रागवतात?"